मी शेवटी बोलतो

तांग्याच्या मागच्या बाकावर आधीच कुणीतरी बसलेलं होतं.

रावजी भोये नाशिक रोड स्टेशनातून बाहेर आले ते अर्धवट झोपेतच. हातात कापडी पिशवी, अंगात तो काळा लांब कोट. पेठच्या शिंप्यानं तो खास मुंबईच्या असेंब्लीसाठी शिवला होता आणि 'मेंबर झाला की माणूस जाड होतो' म्हणून चांगला चार बोटं सैल ठेवला होता. अडीच वर्षं उलटली तरी रावजी काही जाड झाले नाहीत. कोट मात्र तसाच सैल राहिला.

"सलाम मेंबरसाहेब!" रहेमान तांगेवाल्यानं पुढं होऊन पिशवी घेतली. रोज दुपारच्या गाडीला तो स्टेशनावर असायचाच, आणि गाडीतून रावजी उतरले की दुसरं गिऱ्हाईक घ्यायचा नाही. "बघा कुणाला आणलंय. सकाळपासून बाई पंचवटीच्या बाजारात उभी. ज्याला त्याला विचारतेय, मेंबर कुठं भेटतील. म्हटलं बसा, आपलेच मेंबर आहेत, आज ना उद्या उतरतील."

चांगलं काम केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मागच्या बाकावरच्या बाईनं पदर सारखा केला आणि मान वळवली. ती भागीबाई होती. डोंगरातून दीड दिवस चालत आलेली, मांडीवर वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा घेऊन बसलेली.

रावजी जागच्या जागी थबकले. ज्या माणसापासून तोंड लपवायचं, तेच माणूस देवानं तांग्यात आणून बसवलं होतं.

"बरी आहेस ना, भागी?" ते म्हणाले.

"हाय बरी."

एवढंच बोलणं झालं. रावजी पुढं रहेमानशेजारी बसले. तांग्याची एक सोय असते, पुढच्याची आणि मागच्याची पाठीला पाठ लागते, पण तोंडं दिसत नाहीत. रहेमाननं 'चल बिजली' म्हणून लगाम हलवला. बिजली हे त्याच्या घोडीचं नाव, आणि त्या नावासारखं तिच्यात काहीएक नव्हतं. ती आपल्या मनानं चालायची, आपल्या मनानं थांबायची, आणि रावजींना तिची चाल फार आवडायची. त्या चालीवर डोळे मिटत यायचे.

आताही मिटले. गाडीत कसाऱ्याच्या घाटातल्या बोगद्यांत पडलेलं स्वप्न अजून डोळ्यांत होतं. तेच नेहमीचं स्वप्न. असेंब्लीचा तो उंच दिवाणखाना, वरती पंखे सावकाश फिरताहेत, मेंबरांच्या बाकांमधून नागलीची हिरवी रोपं वर आली आहेत आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मग मधल्या वाटेनं भागीचा बुधा येतो. डोक्यावर साहेबाच्या आंघोळीचा टब, पाय चिखलानं भरलेले. तो रावजींपाशी येऊन थांबतो आणि अगदी हळू विचारतो, "पाटील, कुठं ठेवू हे?" रावजी तोंड उघडतात आणि जाग येते.

स्वप्नातला दिवाणखाना आणि खरा दिवाणखाना यांत रावजींना फारसा फरक वाटत नसे. दोन्हीकडं ते शेवटच्या ओळीत बसायचे, आणि दोन्हीकडं त्यांना बोलता यायचं नाही.

रावजी मेंबर झाले ते आपल्या बोलण्यामुळंच, ही यातली गंमत.

करंजपाड्यात आणि पेठच्या त्या साऱ्या डोंगरपट्टीत पंच बसले की एक रीत असे. ज्याचं गाऱ्हाणं, त्याचा शब्द शेवटी. आधी बाकीचे बोलणार. म्हातारे, बाया, जावई, वाटेनं चाललेला पाहुणा, इतकंच काय, ज्याच्यावर आळ आलाय तोसुद्धा. सगळ्यांचा राग, शहाणपण आणि बढाया संपल्या, माणसं गप्प झाली, की मग गाऱ्हाणं घेऊन आलेला उठणार, नाहीतर त्याच्या वतीनं कुणी उभं राहणार. त्याच्यानंतर कुणी एक अक्षर बोलायचं नाही. पाण्यानं भरलेला तुंबा फिरायचा आणि ऐकणारे ओंजळीनं पाणी प्यायचे. ज्यानं पाणी घेतलं त्यानं ऐकलं, तो साक्षीदार झाला. बोलणारा मात्र पाणी प्यायचा नाही.

रावजी करंजपाड्याचे पाटील, आणि दुसऱ्याच्या वतीनं शेवटचं बोलायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. दोन दोन दिवस चाललेलं भांडण ते चार वाक्यांत संपवायचे. म्हणून सदतीस सालच्या निवडणुकीआधी नाशिकची खादीवाली मंडळी 'डोंगरातला एखादा चांगला माणूस द्या' म्हणून आली, तेव्हा सगळ्या पाड्यांनी एकच नाव घेतलं. रावजींना असेंब्ली म्हणजे काय हे नीटसं ठाऊक नव्हतं. मोठी पंचाईत असते, तिथं मुलखाची गाऱ्हाणी मांडतात, असं त्यांना सांगण्यात आलं. मग ठीक, ते म्हणाले. पंचाईत तर आपल्या हातची.

निवडून आल्यावर माणसं भेटायला आली. कुणी रस्ता मागितला, कुणी शाळा, कुणी विहीर. भागीबाई सगळ्यांत मागून आली.

"मला काय नको, पाटील," ती म्हणाली. "तिथं एवढंच बोला, का माझा नवरा दारू पिऊन नाय मेला. तिथं बोललेलं पुस्तकात छापतात म्हणं."

बुधा तिचा नवरा. आदल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एक साहेब डोंगरात दौऱ्यावर आला होता. साहेब म्हटला की तंबू आला, खाट आली, टेबल आलं, आणि ते सगळं घाट चढवायला घरटी एक माणूस वेठीला आला. या साहेबाला टबात बसून आंघोळ करायची सवय. तो लोखंडी टब बुधाच्या डोक्यावर आला. घाटात शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला आणि बुधा टबासकट खाली गेला. टब कारवीच्या झुडपांत अडकून राहिला. बुधा अडकला नाही. पुढं कागद झाला, त्यात लिहिलं, 'दारूच्या अंमलात तोल जाऊन मयत.' वेठीला धरलेला माणूस मेला असं लिहिण्यापेक्षा ते लिहिणं सोपं होतं. टबाला फक्त एक पोचा आला होता, आणि चौकशी आधी त्याची झाली.

"बोलतो," रावजी म्हणाले होते. "शब्द दिला."

तेव्हापासून या स्टेशनच्या रस्त्यानं किती फेऱ्या झाल्या. डोंगरातून पायी पंचवटी, तिथं धर्मशाळेत मुक्काम, सकाळी रहेमानचा तांगा, मग मुंबईची गाडी. तांग्यात पहिल्याच फेरीला रहेमाननं विचारलं होतं, "काय बोलणार मेंबरसाहेब तिथं?" आणि रावजींनी सांगून टाकलं. रहेमाननं सगळं ऐकलं, मग म्हणाला, "असं पुटपुटून नाही चालायचं. मोठ्यानं बोला. ही बिजली म्हणजे तुमचे अध्यक्ष समजा."

मग तो एक खेळच होऊन बसला. नासर्डीचा पूल आला की रहेमान पायानं तांग्याची घंटा वाजवायचा आणि नाकातून म्हणायचा, "आता पेठचे मेंबर बोलतील!" रावजी घसा खाकरून सुरू करायचे, "अध्यक्ष महाराज..." रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. पेरूच्या टोपल्या घेऊन चाललेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण बिजलीचे कान मागं वळायचे, आणि रावजींना वाटायचं, हिला कळतंय. दोन वर्षांत ते भाषण इतकं घोटून झालं की रहेमानला ते रावजींपेक्षा चांगलं पाठ होतं.

आणि खरोखरच तो दिवस उजाडला. चालू सालच्या होळीच्या सुमाराची गोष्ट. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचं सामान डोंगरातल्या लोकांकडून फुकट वाहून घेऊ नये, असा ठराव कुणा मेंबरानं आणला. एक बोलला, दुसरा बोलला, इंग्रजीत, गुजरातीत, मराठीत. रावजी शेवटच्या ओळीत कोटाची बटणं लावून बसले होते. दुपार कलली होती. पंखे फिरत होते आणि मधल्या वाटेवर उन्हाचा एक पट्टा पडला होता. रावजींना तिथं पायांचे चिखलाचे ठसे दिसत होते.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. "श्रीयुत रावजी भोये."

रावजी उठले. सगळं सभागृह मागं वळून बघायला लागलं. आणि वीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सगळ्यांचं होऊ द्या, महाराज. मी शेवटी बोलतो."

अध्यक्ष हसले, चांगल्या मनानं हसले. म्हाताऱ्याला बोलायचा संकोच वाटतोय, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी मान हलवून मंत्र्यांना उत्तर द्यायला सांगितलं. मंत्री बोलले, सरकार या गोष्टीत लक्ष घालील असं आश्वासन दिलं, ठराव मांडणाऱ्यानं समाधान मानून ठराव मागं घेतला. सगळे गप्प झाले. आता झाली आपली वेळ, असं समजून रावजी उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज..."

शेजारच्या मेंबरानं त्यांचा कोट ओढला. "अहो, बसा. सरकारचं उत्तर झालं. त्यानंतर कुणाला बोलता येत नाही."

"म्हंजे शेवटचा शब्द सरकारचा?"

"दुसऱ्या कुणाचा असणार?"

रावजी बसले. कोटाची बटणं सोडायचंसुद्धा त्यांना भान राहिलं नाही.

दोन महिन्यांनी टपालानं कामकाजाचं छापील पुस्तक आलं. रावजींनी ते पेठच्या शाळामास्तरांकडून वाचून घेतलं. त्या जाडजूड पुस्तकात, रावजींच्या नावापुढं, एकच इंग्रजी वाक्य छापलं होतं. मास्तरांनी त्याचा मराठीत अर्थ सांगितला, "मी शेवटी बोलतो." ते पुस्तक रावजींनी नागलीच्या कणगीमागं ठेवून दिलं.

रहेमानला त्यांनी सगळं सांगितलं होतं. त्यानं बिजलीची मान थोपटली. मग म्हणाला, "हरकत नाही. पुढच्या खेपेला पहिला नंबर लावा." रावजींनीही तसंच ठरवलं होतं. पण विलायतेत लढाई पेटली. या खेपेला मुंबईत लढाईशिवाय दुसरा विषयच निघाला नाही, आणि मागोमाग मंत्र्यांनी राजीनामे दिले. असेंब्ली आता बसायची नव्हती. मेंबर एकमेकांना नमस्कार करून आपापल्या घरी पांगले. रावजींनी निघताना आत डोकावून पाहिलं, तर गडी बाकांवर पांढऱ्या चादरी टाकत होते.

तांगा थांबला, तसे रावजींनी डोळे उघडले. नासर्डीचा पूल. बिजली इथं पाणी प्यायला थांबायची, तिला सांगावं लागायचं नाही. ऊन उतरलं होतं, कार्तिकातली गार हवा सुटली होती. रहेमाननं बादली घ्यायला हात खाली घातला.

"पाटील," मागून भागीबाईचा आवाज आला. "बोललात?"

रहेमानचा हात बादलीवरच राहिला.

अडीच वर्षं तिनं हा प्रश्न विचारला नव्हता. शब्द दिलेल्या माणसाला पुन्हा विचारायचं नसतं. आज विचारला, म्हणजे तिच्याही कानावर काहीतरी आलं होतं.

"नाय बोललो, भागी," रावजी म्हणाले. त्यांची पाठ तिच्या पाठीला टेकली होती आणि तिची पाठ हलली नाही.

"का?"

"सगळ्यांचं होऊ दिलं. आपल्या रीतीनं. तिथली रीत दुसरी निघाली. तिथं शेवटचा शब्द सरकारचा."

"मग आता परत कधी बसतील?"

"नाय बसायचे. मंत्री गेले. बाकांवर चादरी टाकल्या."

पुलाखालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. रहेमान घोडीच्या कानांकडं बघत बसला. आपण या बाईला कशाला इथं आणलं, असं त्याच्या मनात आलं असणार. 'करायला गेलो एक आणि झालं भलतंच' अशातली गत झाली होती.

"म्हंजे सगळे बोलून झाले," भागीबाई म्हणाली.

"झाले."

"मंत्रीबी?"

"मंत्रीबी."

"कुणी राहिलं नाय?"

"नाय."

"मग थांबलात कशाला, पाटील? आता तुमची पाळी."

ती टोमणा मारते आहे असं रावजींना वाटलं. ते वळले. भागीबाईही बाकावर वळून बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर तुंबा, नजर खाली. पंचांपुढं बसतात तशीच. तिच्या तोंडावर टोमण्याचं नावसुद्धा नव्हतं. ती खरोखरच वाट बघत होती.

रावजी खाली उतरले. रस्त्यात उभं राहून त्यांनी कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत सगळी. रहेमाननं हळूच पाय उचलला आणि घंटा वाजवली, एकदाच. पुढचं नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून फुटलं नाही.

रावजींनी घसा खाकरला. अध्यक्ष महाराज म्हणायचं, मग डोंगराची हकिगत, मग वेठीची, असं सगळं पाठ होतं. त्यातलं काही आठवेना. आठवला तो मधल्या वाटेवर उभा असलेला बुधा.

"बुधा चिमाजी महाले," ते म्हणाले. "राहणार करंजपाडा. तो दारू पिऊन नाय मेला. त्या दिवशी त्याच्या पोटात नुसती पेज होती."

ते थांबले. भाषणात यानंतर साहेबाचा उल्लेख होता. तो त्यांनी केला नाही.

"वेठीला कुणी काय उचलायचं, ते गावचा पाटील ठरवतो. त्या दिवशी बुधा म्हणला होता, पाटील, मला खाट द्या, टब गोल हाय, धरता येत नाय. मी म्हणलो, टबच घे. आणि जपून ने, साहेबाचा हाय. मी त्याच्या मागंच चालत होतो. पाय सुटला तेव्हा बाजूला झाड होतं. टब सोडला असता तर हात पोचला असता. त्यानं टब नाय सोडला. जप म्हणून मी सांगितलं होतं."

हे भाषणात कधीच नव्हतं. रहेमाननं ते पन्नास वेळा ऐकलं होतं, त्यात हे नव्हतं. अडीच वर्षं रावजी बोलायची वाट बघत होते की बोलायला लागू नये म्हणून रीतीच्या आड बसले होते, हे त्यांना आता स्वतःलाच कळेना. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं शेवटी बोलायचं हे खरं, पण ज्याच्यावर आळ आहे त्यानं तर आधी बोलायचं असतं.

"बुधा," ते म्हणाले. "ठेव आता खाली. कुठंबी ठेव."

कुणी काही बोललं नाही. रीतच तशी होती. एक बैलगाडी पुलावरून गेली, गाडीवानानं रस्त्यात उभ्या असलेल्या कोटवाल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि पुढं गेला.

भागीबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती खाली उतरली, तुंब्याचं बूच काढलं, आपल्याच एका हाताच्या पशात पाणी ओतून घेतलं आणि प्यायली. मग तिनं तुंबा रहेमानपुढं धरला.

रहेमान गडबडला. "बाई, मी मुसलमान आहे."

"तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं ऐकलं, बाई."

"मग घ्या."

रहेमाननं डोक्यावरची टोपी सारखी केली, ओंजळ धरली आणि पाणी प्यायला. ओले हात त्यानं पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवले.

मग भागीबाई रावजींकडं वळली आणि तुंबा त्यांच्यापुढं धरला.

रावजी एक पाऊल मागं सरले. "मी बोलणारा, भागी. बोलणाऱ्यानं प्यायचं नसतं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मला सगळं ठाऊक होतं, पाटील. टब कुणी दिला तेबी. प्या. तुम्हीबी आजच ऐकलंत."

रावजींनी हात पुढं केले. निम्मं पाणी ओंजळीबाहेर गेलं, आणि त्या सैल बाह्यांमधून आत कोपरापर्यंत ओघळलं. रहेमाननं लगाम हातात घेतला होता, पण त्यांची ओंजळ रिकामी होईपर्यंत त्यानं घोडी हाकली नाही.